दुसरी रेघ

दहा मिनिटं थांबायचं असतं,
हे मला सांगायची गरज नव्हती.
सव्वीस वर्षं मी तेच करत आले,
रक्ताचा थेंब, वर औषधाचे थेंब,
मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं.
फक्त तेव्हा टेबलावर
मिशा नसायच्या.

पहिली रेघ उमटते, ती उमटतेच.
ती एवढंच सांगते की पट्टी खराब नाही.
दुसरी आली सावकाश,
उशिरा घरी येणारं माणूस
चपला हातात घेऊन शिरतं, तशी.
फिकी. मी चष्मा पुसला.
फिकी असली तरी रेघ ती रेघ,
शिकाऊ मुलींना मीच शिकवायची.

परळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर खोर्शेदबाई म्हणाल्या,
‘असा चेहरा नाय करायचा. वर्षानुवर्षं जगतात हे लोक.
फक्त बाहेर नाय सोडायचा.’
हे लोक, म्हणाल्या.
मला ते आवडलं.

नाखवा त्याचं नाव.
कॉटन ग्रीनच्या गोदामांचे पत्रे हे त्याचं पाणी,
रात्रभर तिथं, आणि दूधवाल्याच्या आधी
माझ्या खिडकीच्या धक्क्याला.
कान फाटका. मानेवर दोन भोकं, कधी चार.
मी कोमट पाण्यात कापूस पिळायची,
म्हणायची, बोका आहे, भांडणारच.
चाव्याबरोबर चिठ्ठी येते
आणि ती उघडायला वर्षं लागतात,
हे शिवडीत कुणाला माहीत असायला हवं होतं
तर ते मला.

तळमजल्यावरच्या आंगणेवहिनींनी विचारलं,
‘माणसांना लागतो का हो?’
नाही लागत. मांजराचा मांजराला,
तोही बहुतेक खोल चावल्यावर.
त्यांनी मान डोलावली.
नातवाला आता
पलीकडच्या जिन्यानं नेतात.

त्र्याण्णव साल असेल. चारशे सतरा नंबर.
नावं आम्ही लिहीत नसू.
खलाशी होता, हाताला डांबराचा वास,
कागद घेऊन माझ्या खिडकीशी आला.
‘बाई, पोरीला मांडीवर घेऊ ना?’
उत्तर मला पाठ होतं, एका शब्दाचं.
पण निकालावर बोलायचं डॉक्टरांनी, तंत्रज्ञांनी नाही,
तशी पाटीच होती.
‘डॉक्टरांना विचारा,’ मी म्हटलं.
डॉक्टर जेवायला गेले होते.
तो बाकावर बसला. मग उभा राहिला.
मग कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा,
सुपारीएवढी झाली तेव्हा खिशात टाकली
आणि गेला.
मी पुढचा नंबर पुकारला.

खिडकीला जाळं लावलंय,
बंदरावरच्या पास्कलनं दिलेलं, जुनं, नायलॉनचं.
‘नाखव्यालाच जाळ्यात घेतलंत?’ म्हणाला नि हसला.
मांदेलीचे काटे मी चिमटीनं काढते,
त्याच्या हिरड्या लाल असतात, चावताना डोळे मिटतो.
संध्याकाळी पत्र्यावरून दुसरा कुणी हाक मारतो,
तरणा, माजलेला आवाज.
नाखवा जाळ्याला नाक लावून
आतून उत्तर देतो.
काय बोलतात कोण जाणे.
इलाक्याच्या वाटण्या होत असतील.

काल दिवे गेले. पंखा थांबल्यावर
खाडीच्या चिखलाचा वास घरात शिरला.
तो अंधारातच माझ्या मांडीवर चढला,
दोनदा गोल फिरला, बसला,
त्याची घरघर माझ्या गुडघ्याच्या वाटीत उतरली.
आणि मी मोठ्यानं म्हणाले,
घ्या की. खुशाल घ्या.

नाखव्यानं कान हलवला, फाटका.
दिवे आले तेव्हा
मी त्याला पिशवीत घालून काट्याला टांगलं,
रद्दीवाल्याकडून घेतलाय काटा, थोडा जास्त दाखवतो.
चार किलो शंभर.
वहीत तारीख लिहिली,
समोर वजन,
आणि नंबराच्या जागी
नाव.